अलक्षणी नागरिकांस पत्र

सोमवार, ६ फेब्रुवारी

विषय: स्वयंपाकघरातील वरच्या फळीवरच्या डब्याबाबत.

उपरोक्त विषयास अनुसरून अत्यंत खेदपूर्वक नमूद करण्यात येते की, आज सकाळी माझी अर्धी दाढी झालेली असताना मला न्हाणीघरातून बोलावून स्टुलावर चढवण्यात आलं, कारण साखरेचा मोठा डबा वरच्या फळीवर होता आणि हेडबाई खाली फरशीवर होत्या. हेडबाई म्हणजे माझी बायको. शाळेची मुख्याध्यापिका. चारशे मुलं आणि सोळा शिक्षक तिच्या एका भुवईवर चालतात, पण दीड हात उंचीच्या स्टुलावर ती पाय ठेवत नाही. लग्नाला तेवीस वर्षं झाली. त्यातली बावीस वर्षं या घरातला प्रत्येक दिवा, प्रत्येक जळमट आणि माळ्यावरची प्रत्येक वस्तू माझ्या अधिकारक्षेत्रात आहे. मी म्हटलं, डबा खालीच ठेवत जा की. तर म्हणाली, खाली ठेवला की तुम्ही साखर खाता. यावर माझ्याकडे शास्त्राधार नव्हता. तोवर गालावरचा साबण वाळला. दिवसभर कार्यालयात एक गाल खाजत होता.

कार्यालयातही नवं लचांड. शहराच्या आरोग्य कार्यालयातून बाहेर जाणारं प्रत्येक पत्र माझ्या हाताखालून जातं. संस्कृत शिकलेला माणूस, काही वर्षं वर्तमानपत्राचा बातमीदार, शेवटी इथे येऊन पडला. आता दुसऱ्या मजल्यावर नवा तपासणी कक्ष निघतो आहे. शरीरसंबंधातून होणारे पाच रोग एकाच फेरीत तपासायचे, एक नळी रक्त आणि एक डबी लघवी. इथपर्यंत ठीक. पण बोलवायचं कोणाला, तर ज्यांना काहीही होत नाही त्यांना.

कक्षाच्या प्रमुख डॉक्टरीणबाई लहानखुऱ्या, जाड चष्म्याच्या, भराभर बोलणाऱ्या. म्हणाल्या, त्रास होणारे आपणहून येतात, काहीच न होणारे येत नाहीत, आणि हे रोग वर्षानुवर्षं अंगात बसून राहतात, माणसाला पत्ता नसतो. मी म्हटलं, म्हणजे ज्यांचं भांडण नाही त्यांनाच कोर्टात बोलवायचं. त्या हसल्या नाहीत. पत्र आणि अर्ज मी लिहायचा, गुरुवारपर्यंत.

गुरुवार, ९ फेब्रुवारी

पहिल्याच वाक्यात अडलो. 'ज्यांना कोणतीही लक्षणे जाणवत नाहीत अशा व्यक्तींनी' हे एका पानात सहा वेळा आलं. वाक्य कसलं, मालगाडी. शेवटी शब्द घडवला: अलक्षणी. ज्याला लक्षण नाही तो. नञ्बहुव्रीही, वर मराठी ईकार. चार अक्षरांत काम. बऱ्याच वर्षांनी स्वतःवर खूश झालो.

रक्त काढणाऱ्या तंत्रज्ञाला सगळे 'डास' म्हणतात, तोही ओ देतो. त्याला शब्द दाखवला. त्याला कळला नाही, म्हणून न्यायशास्त्रातलं लक्षण समजावलं. गाय म्हणजे काय हे सांगायचं आहे. काळी असते ती गाय म्हटलं, तर पांढऱ्या गाई बाहेर राहतात, ही अव्याप्ती. शिंगं असतात ती गाय म्हटलं, तर म्हशी आत शिरतात, ही अतिव्याप्ती. एकच अखंड खूर असतो ती गाय म्हटलं, तर एकही गाय सापडत नाही, हा असंभव. डास म्हणाला, "आमच्या किटचं पण तेच की साहेब. कधी असलेला रोग सोडतं, कधी नसलेला धरतं." हा माणूस पाठशाळेत गेला असता तर त्याने मला मागे टाकलं असतं.

अर्जावरून मात्र वाजलं. बाईंच्या यादीत अकरावा प्रश्न होता: 'गर्भपात झाला आहे काय, किंवा मूल मृत जन्मले आहे काय? (पुरुषांनी पत्नीविषयी लिहावे.) केव्हा? कारण माहीत असल्यास लिहावे.' मी तो खोडला. शेजारी लिहिलं, पुरुषांच्या अर्जात अप्रस्तुत, शिवाय कारण कोणाला माहीत असतं. दुपारी अर्ज परत आला. प्रश्न पुन्हा लिहिलेला, समोर 'राहू द्या'. मी पुन्हा खोडला. पुन्हा 'राहू द्या', या वेळी खाली रेघ. भाषेचा अधिकार कोणाचा, हा मुद्दा आहे.

सोमवार, १३ फेब्रुवारी

अकरावा प्रश्न राहिला. मोठे साहेब बाईंच्या बाजूने. या वादात छापखान्यातून पत्राचं शेवटचं मुद्रित आलं ते मी वरवर बघून सही करून दिलं. सहाशे पत्रं आज टपालात पडली.

घरी हेडबाईंना प्रकरण सांगितलं. अर्थात माझी बाजू. त्या वह्या तपासत होत्या. कोणता प्रश्न, असं विचारलं. मी सांगितला. त्यांनी लाल पेनाला टोपण लावलं आणि म्हणाल्या, "असू दे की. कुणी तरी विचारतंय." बायकांची बायकांना साथ असते. मी विषय सोडला.

शुक्रवार, १७ फेब्रुवारी

आज माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा मुद्रणदोष उघडकीस आला.

सकाळी दहाला एक सेवानिवृत्त गृहस्थ पत्र हातात घेऊन माझ्या टेबलाशी उभे राहिले. कडक इस्त्री, कडक आवाज. म्हणाले, "माझं नाव तुम्हाला कुणी दिलं ते सांगा. सुनेनं दिलं का?" मी पत्र घेतलं. पहिली ओळ: 'आपल्यासारख्या अवलक्षणी नागरिकांसाठी आरोग्य कार्यालयाने मोफत तपासणीची सोय केली आहे.'

अवलक्षणी.

छापखान्यात फोन केला. तिथला जुळारी शांतपणे म्हणाला, "तुमचा शब्द कोशात नव्हता साहेब. मला वाटलं 'व' राहिला. मी घातला." वर, "आभार नको" असंही म्हणाला. तीस वर्षं मी लोकांच्या चुका काढतो आहे, आणि माझ्या एकुलत्या एका बरोबर शब्दाला एका सुशिक्षित माणसाने सुधारलं.

दुपारपर्यंत नऊ जण भांडायला आले. एका बाईंनी नवऱ्याला ओढत आणलं होतं. पत्र नवऱ्याच्या नावाने होतं आणि त्यांचं म्हणणं, कार्यालयाला जे कळलं ते आम्हालाही कळू द्या. नवरा भिंतीवरचं हात धुण्याचं चित्र फार लक्षपूर्वक पाहत होता. यातल्या पाच जणांना डॉक्टरीणबाईंनी आलाच आहात तर म्हणून आत नेलं आणि डासाने रक्त काढून घेतलं. कडक इस्त्रीवाले गृहस्थही दिलं तर दिलं म्हणत बसले. बाई मला म्हणाल्या, "तुमच्या शब्दामुळे पाच झाले. साध्या मराठीत किती झाले असते कोण जाणे." हा विनोद होता की काय, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत नाही.

हेडबाई मात्र डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. जेवताना पुन्हा आठवलं म्हणून पुन्हा हसल्या. मला म्हणाल्या, "अहो अवलक्षणी, ताक घ्या."

सोमवार, २० फेब्रुवारी

मोठ्या साहेबांनी बोलावून घेतलं. पत्राची बातमी वरपर्यंत गेली आहे. साहेबांचा तोडगा असा की आधी कर्मचाऱ्यांनी तपासणी करून घ्यावी, म्हणजे लोकांना कळेल की यात चारित्र्याचा प्रश्न नाही. सुरुवात कोणी करायची, हे त्यांनी शब्दांत सांगितलं नाही, नुसतं माझ्याकडे पाहिलं.

म्हणून आज मी नमुना क्रमांक सात. डासाने शीर शोधायला तीन प्रयत्न केले आणि म्हणाला, तुमची शीरपण संस्कृत आहे, लवकर सापडत नाही. अर्ज भरला. अकराव्या प्रश्नासमोर 'अप्रस्तुत' लिहिलं. निदान एका अर्जात तरी तो प्रश्न खोडला गेला.

गुरुवार, २३ फेब्रुवारी

चार दिवसांत अकरा माणसं. बाईंनी मला कक्षाच्या दारात बसवलं आहे, येणाऱ्यांशी बोलायला आणि त्यांची भाषा ऐकायला. ऐकून ऐकून कान किटले. प्रत्येक जण एकच वाक्य बोलतो: मला काही होत नाही. कोणी अभिमानाने, कोणी चिडून, कोणी बायकोकडे बघत. रिक्षावाला म्हणाला, मला काही होत नाही, शेजाऱ्याला बोलवा. एक शिंपी म्हणाला, काही होईल तेव्हा येईन ना. मी म्हटलं, अहो, काही होतच नाही हीच तर यातली गोची आहे. तो म्हणाला, "मग बरंच आहे की," आणि उठून गेला. आगीचा बंब घेऊन घरोघर धूर आहे का विचारत फिरावं, आणि लोकांनी धूर नाही हे दाखवायला खिडक्या उघडाव्यात, असं चाललं आहे.

नवं पत्र बाईंनी स्वतः लिहिलं. चार ओळी. पहिली ओळ: 'तुम्हाला काही होत नसलं तरी या.' मी म्हटलं, याला पत्र म्हणत नाहीत, ही हाक झाली. त्या म्हणाल्या, हाकच मारायची आहे.

सोमवार, २७ फेब्रुवारी

डास म्हणाला, क्रमांक सातचं रक्त पुन्हा लागेल. का विचारलं तर म्हणाला, बाईंना विचारा. बाई म्हणाल्या, एका तपासणीचा निकाल पक्का करायचा आहे, कधी कधी किट नसलेलं धरतं. अतिव्याप्ती. शिंगं पाहून म्हशीला गाय म्हणणं. मी नाव विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. दंडाला कापूस दाबून माझ्या टेबलाशी आलो आणि गटार दुरुस्तीच्या पत्रात सलग तीन ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका केल्या.

घरी काही बोललो नाही. बोलण्यासारखं काही नाहीच. मला काही होत नाही.

शुक्रवार, ३ मार्च

दुपारी बाईंनी दार लावून घेतलं. दोन वेगळ्या पद्धतींनी तपासलं, दोन्हींचा निकाल एकच, सिफिलिस. जुना, आत दबून बसलेला, बहुधा वीस-पंचवीस वर्षांचा. बाकी चार तपासण्या स्वच्छ.

मी काय बोललो ते लिहून ठेवतो, कारण ते लाजिरवाणं आहे. मी म्हटलं, आपल्याकडे याला उपदंश म्हणतात, आणि गंमत म्हणजे संस्कृतात उपदंश म्हणजे मद्याबरोबर चघळायचं तोंडीलावणंही. बाईंनी माझं बोलणं पूर्ण होऊ दिलं. मग विचारलं, लग्नाआधी कुठे, काही आठवतं का.

आठवतं. लग्नाआधीचं वर्ष मी बंदरावरच्या गावी बातमीदार होतो. खाणावळीच्या वरची खोली, संध्याकाळ झाली की करायला काही नाही, आणि सोबत बंदरावरचे दोस्त. तीन-चार वेळा गेलो असेन. नंतर एक छोटी जखम झाली होती, न दुखणारी. पंधरा-वीस दिवसांत आपली आपण गेली. मी तिचा विचारही सोडला. त्यानंतर पाच महिन्यांनी लग्न.

बाईंनी माझा अर्ज काढला. अकराव्या प्रश्नावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "इथे तुम्ही अप्रस्तुत लिहिलंय. मी पुन्हा विचारते."

मी सांगितलं. हो, एकदा. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी. सातवा महिना. मुलगा होता. त्यांनी कारण विचारलं. मी सांगितलं, ही स्टुलावर चढून माळ्यावरची ट्रंक काढत होती, उतरताना पाय घसरला, चौथ्या दिवशी पोटातली हालचाल थांबली. बाईंनी विचारलं, रक्त गेलं होतं का, पोटाला मार लागला होता का. नाही, गुडघा फुटला होता. तेव्हा तिच्या रक्ताची ही तपासणी झाली होती का. माहीत नाही. त्यानंतर मूल? झालं नाही.

बाईंनी पेन खाली ठेवलं. उठून खिडकी उघडली. खोलीत उकडत नव्हतं.

मग म्हणाल्या, दर आठवड्याला एक अशी तीन इंजेक्शनं, रोग जाईल. पत्नीची तपासणी व्हायलाच हवी, तिलाही औषध लागेल. मी तिला काही सांगणार नाही, तुमचा अर्ज तुमचा आहे. पण तपासणी कशासाठी, हे तिला तुमच्याकडून कळायला हवं. मी उठलो. दाराशी गेल्यावर त्या म्हणाल्या, "इतक्या वर्षांनी नक्की कोणी सांगू शकणार नाही. पण गुडघा फुटल्याने मूल जात नाही."

मी 'बरं' म्हटलं.

सोमवार, ६ मार्च

पहिली सुई. दोन बाजूंना दोन. डासाने या वेळी विनोद न करता सुई हळू टोचली, आणि त्याचंच जास्त दुखलं. घरी लंगडत गेलो. कार्यालयातल्या खुर्चीचा खिळा लागला म्हणून सांगितलं. हेडबाईंनी गरम पाण्याची पिशवी भरून दिली आणि खुर्चीविरुद्ध लेखी तक्रार करा म्हणाल्या. मी करीन म्हटलं.

बुधवार, ८ मार्च

तिला पत्र लिहिलं तर? बोलण्यापेक्षा लिहिणं मला जमतं, पोटापाण्याचा उद्योगच आहे. बसलो. 'प्रिय' पासून सुरुवात केली तर निरोपाचं पत्र वाटतं. 'तुला सांगायला हवं असं काही' यात 'असं काही' हा पळपुटेपणा. 'उपदंश' लिहिलं तर ती कोश काढील. तिसऱ्या मसुद्यात कर्मणी प्रयोग आला: 'माझ्याकडून तुला हा संसर्ग झाला असण्याची शक्यता नाकारता येत नाही.' कार्यालयात बावीस वर्षं अशीच वाक्यं लिहितो आहे, जबाबदारी आहे पण कोणाची ते दिसत नाही. चारही मसुदे फाडले. कागद बारीक करून दोन वेगळ्या टोपल्यांत टाकले.

एक गोष्ट मसुद्यात येत नाही, इथे लिहितो. मूल गेलं त्या वेळी दवाखान्याच्या व्हरांड्यात माझी आई होती. ही आत पडलेली, दार अर्धवट उघडं. आई म्हणाली, "हिला कुणी सांगितलं होतं त्या स्टुलावर चढायला?" मोठ्याने म्हणाली. मी शेजारी उभा होतो. मी म्हणू शकलो असतो की ट्रंक मला हवी होती, जुनी कात्रणं होती त्यात, मी काढून देतो असं मीच म्हटलं होतं आणि आळस केला होता. मी पाण्याचा तांब्या भरून आणायला गेलो.

आई जाऊन नऊ वर्षं झाली. तिचं ते वाक्य अजून आमच्या घरात राहतं.

रविवार, १२ मार्च

हेडबाईंनी जेवताना जाहीर केलं की त्या तपासणीला येणार. मी घास तसाच धरला. त्या म्हणाल्या, रोज तोंड पाडून येता, आज चार आले, आज दोनच आले म्हणत. त्यांनी शाळेत सगळ्यांना गोळा करून सांगितलं आहे. सोळापैकी तेरा शिक्षक तयार आहेत, आणि पुढे हेडबाई. उद्याचा सोडून पुढच्या सोमवारी, म्हणजे वीस तारखेला, शाळा सुटल्यावर सगळे मिळून.

"एका दिवसात चौदा. तुमचा चार्ट बघा कसा वर जातो." मग, पोळी वाढत, "मला काय होतंय म्हणा. पण उदाहरण घालून द्यायला हवं."

मला काय होतंय. दारात बसून हे वाक्य मी शंभर वेळा ऐकलं असेल. प्रत्येकाला उत्तर दिलं, कधी चिडून, कधी गमतीने. घरात ऐकलं तेव्हा मी आमटी वाढ म्हटलं.

तिच्याबरोबर तेरा माणसं असतील. निकाल तिच्या हातात पडेल तेव्हा मी कुठे असेन?

सोमवार, १३ मार्च

दुसरी सुई. बाईंनी विचारलं, सांगितलं का. मी म्हटलं, शब्द सापडत नाहीत. त्या म्हणाल्या, सहाशे लोकांना तुम्ही नसलेला शब्द काढून पाठवलात. मी रागावलो. खरंच रागावलो. म्हटलं, तुम्हाला सोपं आहे, तुम्ही दार लावून सांगता आणि दार उघडून पुढचा क्रमांक बोलावता, मला त्याच घरात राहायचं आहे. त्यांनी चष्मा काढून पुसला. चष्म्याविना त्या फार दमलेल्या दिसतात. म्हणाल्या, "मी एका दिवसात किती जणांना सांगते, तुम्हाला माहीत आहे का? तुम्ही एकाला सांगायचंय."

जाताना म्हणाल्या, अर्ज घरी भरून आणायला शिक्षकांना सांगा, गर्दी होणार नाही. म्हणजे मीच चौदा अर्ज घरी घेऊन गेलो. अकरावा प्रश्न सगळ्यांत आहे. बाईंनी ठेवला म्हणून आहे.

बुधवार, १५ मार्च

संध्याकाळी बाहेर गेलो दोघं, तळ्याकाठच्या रस्त्याने. म्हटलं, चालताना सांगू, चालताना तोंड बघावं लागत नाही. 'ऐक' म्हटलं. ती ऐकू लागली. ती ऐकते तेव्हा मान किंचित एका बाजूला करते, वर्गातल्या घाबरट मुलासाठी करते तशी. मी म्हटलं, "वीस तारखेला रिकाम्या पोटी यायची गरज नाही." ती म्हणाली, हे सांगायला इतक्या लांब आणलंत का? मग आम्ही चणे घेतले.

रविवार, १९ मार्च

सकाळी बैठकीतल्या टेबलावर तिचा भरलेला अर्ज होता, तारखेसकट. शिक्षकांना नमुना दाखवायचा म्हणून तिने सुवाच्य लिहिलाय, पेन्सिलने आधी, मग शाईने, रेघेवर अक्षर. मी चुका काढायच्या सवयीने हातात घेतला. नाव, वय, व्यवसाय. त्रास: काहीही नाही.

अकरावा. 'हो. एक मुलगा. सातवा महिना.' आणि पुढे, 'कारण माहीत असल्यास' याच्या समोर, त्याच सुवाच्य अक्षरात: 'माझी चूक. स्टुलावर चढले होते.'

कोणी विचारलं तर सांगता यावं म्हणून तयार ठेवलेलं उत्तर. बावीस वर्षं. त्या प्रश्नावर ती 'असू दे की, कुणी तरी विचारतंय' का म्हणाली होती, ते मला आत्ता कळलं. घरात कोणी विचारलंच नव्हतं. मीही नाही. मी साखरेचा डबा काढून द्यायचो आणि तिच्या भित्रेपणाची चेष्टा करायचो. या दैनंदिनीचं पहिलं पान आत्ता वाचलं. त्यातला प्रत्येक विनोद तिच्या या एका ओळीवर उभा आहे.

ती शेजारच्या खोलीत उद्याच्या शिक्षकांना फोन करते आहे. न घाबरता या म्हणते आहे, एक सुई असते फक्त. मधे एकदा हसली. लाल पेन टेबलावरच आहे. या अर्जात एक ओळ चुकीची आहे आणि ती खोडण्याचा अधिकार, या एकाच बाबतीत, खरोखर माझा आहे. पण मी ती खोडली तर शेजारी बरोबर उत्तर लिहावं लागेल. त्यासाठी शब्द लागत नाही. माझं नाव पुरतं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नक्की कोणी सांगू शकणार नाही. गेले सोळा दिवस मी त्या 'नक्की'ला लोंबकळतो आहे. तिने मात्र बावीस वर्षांत असं 'नक्की नाही' स्वतःला एकदाही म्हटलं नाही.

आजाराची मला भीती नाही. उद्या तिसरी सुई झाली की तो गेला. ती रागावेल, माहेरी जाईल, कदाचित परत येणार नाही, याची भीती आहे, पण तिला तो हक्क आहे आणि ते मला समजतं. भीती वेगळीच आहे. तिचा फोन आता संपेल, ती बाहेर येईल, अर्ज बघितलात का, काही चूक आहे का असं विचारेल, आणि मी नाही म्हणेन.